फडक्यांचं एडन, आणि तिथेच थांबलेली माणसं

(पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे.)

हार्बर लाइनच्या गर्दीत उभं राहून ऐकत असाल, तर पाठीवरची बॅग पुढे घ्या आणि निवांत ऐका. आजचा विषय मी निवडलेला नाही, तुमच्यातल्याच एकीने दिलाय.

आपल्या खांदा कॉलनीतलीच श्रोती आहे. नर्स आहे. नाव सांगणार नाही, तशी तिनेच अट घातलीय. घराणं मूळचं नगरकडचं, तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. तिला आखातातल्या एका हॉस्पिटलची ऑफर आलीय आणि घरात रोज त्यावरच चर्चा चालू आहे. तिने व्हॉइस मेसेज पाठवला. म्हणाली, "ताई, आमच्या चर्चमध्ये अरब देशांतल्या मिशनरी सेवेसाठी प्रार्थना होते. पण तिकडे तर प्रचाराला बंदी आहे ना? मग हे मिशनरी तिथे जाऊन नेमकं करतात काय? आणि दुसरं म्हणजे, मी तिकडे नर्स म्हणून गेले, तर मीपण त्यांच्यातलीच एक झाले का?"

पहिला प्रश्न माहितीचा आहे. दुसरा अवघड आहे. मी तीन आठवडे वाचत बसले, तेव्हा कळलं की याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सुरुवात आपल्या पनवेल तालुक्यातच होते, शिरढोणला.

पनवेलचा माणूस, एडनचा तुरुंग

शिरढोण म्हटलं की वासुदेव बळवंत फडके. खांदा कॉलनीतून गोवा हायवेला लागलं की अर्ध्या तासाच्या आत त्यांचं गाव येतं. शाळेची सहल बहुतेकांची तिथे गेलेली असते. १८४५ चा जन्म, इंग्रजांविरुद्ध बंड, पुण्यात खटला, जन्मठेप. आणि पुढे? पुढे १८८० मध्ये त्यांना एडनच्या तुरुंगात नेलं. तिथून ते एकदा निसटलेही. दरवाजा बिजागरीतून उचकटून काढला, असं सांगतात. पुन्हा पकडले गेले, अन्नत्याग केला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले.

आपण हे पाठ करतो, पण एक प्रश्न विचारायचा राहतो. एडनच का? ते तर येमेनमध्ये आहे, अरबस्तानच्या अगदी खालच्या टोकाला.

कारण एडन तेव्हा मुंबईचं होतं. खरंच. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी जिंकलं आणि त्यानंतर १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. आगबोटींना कोळसा भरायला मधलं ठिकाण हवं होतं. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला आणि एडनचं महत्त्व अजून वाढलं. तिथे आपला रुपया चालायचा, आपली पोस्टाची तिकिटं चालायची. पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी तिथे दुकानं मांडून बसले होते. धीरूभाई अंबानी तरुणपणी एडनलाच नोकरी करत होते आणि मुकेश अंबानींचा जन्मही तिथलाच, १९५७ चा.

म्हणजे एडन हे असं मुस्लिम शहर होतं की जिथे राज्य ख्रिस्ती इंग्रजांचं, कारभार मुंबईचा आणि वस्ती मुख्यतः अरब मुसलमानांची. अशा ठिकाणी मिशनरी येणार, हे ओघानेच आलं. फडके गेल्यानंतर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक जण आला.

सायकलवाला प्रोफेसर

त्याचं नाव आयन कीथ-फाल्कनर. स्कॉटलंडच्या एका अर्लचा, म्हणजे तिकडच्या सरदाराचा मुलगा. जन्म १८५६ चा. सहा फुटांच्या वर उंची आणि सायकलचं वेड. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं एवढंसं. त्या सायकलवर त्याने १८७८ मध्ये जॉन कीन नावाच्या व्यावसायिक चॅम्पियनला हरवलं. १८८२ मध्ये ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवळपास १००० मैल, १३ दिवसांत गेला. आज असता तर त्याचे रील्स तुम्ही पाहिले असते.

पण डोकं भाषांमध्ये होतं. केंब्रिजला हिब्रू, मग सीरियाक, मग अरबी. अरबी पक्कं करायला इजिप्तला जाऊन राहिला. आणि आता ऐका, १८८५ मध्ये त्याने एक पुस्तक इंग्रजीत आणलं, 'कलीला आणि दिम्ना'. हे कोण माहितीय? करटक आणि दमनक. आपल्या पंचतंत्रातले दोन कोल्हे! सहाव्या शतकात पंचतंत्र संस्कृतातून इराणच्या पहलवीत गेलं, तिथून सीरियाक आणि अरबीत. त्या अरबीवरून नंतर पुन्हा सीरियाकमध्ये आलं आणि त्यावरून याने इंग्रजी केलं. म्हणजे अरबस्तानला येण्याआधी हा गडी आपल्या कोल्ह्यांना भेटून आला होता.

१८८५ च्या शेवटी तो बायकोबरोबर एडनला पाहणी करायला आला. शहरात नाही राहिला. शेख उस्मान नावाचं गाव निवडलं, एडनपासून साधारण १६ किलोमीटरवर, आतल्या मुलखातून येणारे उंटांचे तांडे जिथे थांबायचे तिथे. आपल्याकडे हायवेच्या नाक्यावर दवाखाना टाकावा तसा हिशोब. एडन शहरात लोक बोटीवरून येतात आणि जातात, पण शेख उस्मानला आलेला माणूस परत अरबस्तानच्या पोटात जाणार. त्याच्याबरोबर गोष्ट आत जाणार.

परत जाऊन त्याने फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडशी बोलणी केली. आपल्या गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्या चर्चच्या मिशनचं, तेच हे चर्च. खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून. दरम्यान केंब्रिजने त्याला अरबीचा प्रोफेसर नेमलं. त्याने तिथे व्याख्यानं दिली, तीही मक्केच्या यात्रेवर, म्हणजे हजवर. ज्यांच्यात जायचं त्यांची श्रद्धा आधी समजून घ्यायची, एवढी शिस्त त्याच्यात होती, हे मान्य करायला हवं.

१८८६ च्या शेवटी तो पुन्हा एडनला आला. या वेळी डॉ. स्टुअर्ट कोवेन सोबत होते. पक्कं घर बांधून व्हायचं होतं, तोवर एका साध्या घरात राहिले. ताप आला, उतरला, पुन्हा आला. असं कितीदा झालं. ११ मे १८८७ रोजी तो शेख उस्मानलाच गेला. वय ३०. दोन्ही खेपा धरल्या तरी एडनमध्ये वर्षभरसुद्धा मुक्काम भरत नाही.

मग तिथे झालं काय?

आता आपल्या श्रोतीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मिशनरी तिथे रोज करायचे काय?

आपल्या डोक्यात मिशनरी म्हणजे झगा घालून चौकात उपदेश करणारा माणूस. शेख उस्मानचा दिवस तसा नव्हता. सकाळी दवाखान्यासमोर लोक जमायचे. डोळे आलेले, जखमा चिघळलेल्या, ताप, मुलं. डॉक्टर तपासायचे. भाषा शिकणं रोज चालू. संध्याकाळी कोणी आलं तर गप्पा, वादही. मागेल त्याला अरबीतलं शुभवर्तमानाचं पुस्तक. कीथ-फाल्कनर गेल्यावर त्याच्या आईने आणि पत्नीने पैसा उभा करून काम चालू ठेवलं. १८९३ पासून डॉ. जॉन यंग आले आणि त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य तिथे काढलं, तीस वर्षांच्या वर.

अजून एक काम अचानक अंगावर आलं. १८८८ मध्ये ब्रिटिश नौदलाने लाल समुद्रात गुलामांची गलबतं पकडली. इथिओपियातली ओरोमो मुलं होती, विकायला नेत होते. मुलं एडनला उतरवली. त्यांचं करायचं काय? त्यातली बरीच शेख उस्मानच्या मिशनने घेतली. पण एडनची हवा त्यांना सोसेना, काही दगावली. शेवटी १८९० मध्ये ६४ मुलांना दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलच्या शाळेत पाठवलं.

आणि धर्मांतरं किती झाली? फारच थोडी. नुसत्या आकड्यांनी मोजायला बसलो तर एडनचं मिशन नापास. मिशनरींना स्वतःलाही ते माहीत होतं. आखातातल्या बाकीच्या मिशन्सचंही तसंच. १८८९ मध्ये अमेरिकेत 'अरेबियन मिशन' सुरू झालं, जेम्स कँटीन आणि सॅम्युएल झ्वेमर हे त्याचे पहिले दोघे. त्यांनीही आधी एडन गाठलं, मग बसरा, बहारीन, मस्कत. बहारीनला त्यांनी १९०३ मध्ये हॉस्पिटल उघडलं. ज्या बहारीनचे मोती विकायला मुंबईत यायचे, तेच बहारीन. ते 'अमेरिकन मिशन हॉस्पिटल' आजही चालू आहे. धर्म घेणारे बोटांवर मोजण्याएवढे, पण औषध घेणारे पिढ्यान्‌पिढ्या.

ज्याची किंमत दुसराच भरतो

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आपण फक्त गोऱ्या माणसांच्या त्यागाची गोष्ट सांगितली असं होईल.

कामिल नावाचा बैरूतचा तरुण होता. मुस्लिम घरातला, ख्रिस्ती झालेला. पुढे त्याला 'कामिल अब्दुल मसीह' म्हणायला लागले. तो एडनला आला, आसपासच्या मुलखात फिरला, मग बसऱ्याला गेला. अरबी त्याची मायबोली, कुराण त्याला येत होतं, त्यामुळे लोक त्याचं ऐकायचे. १८९२ मध्ये बसऱ्यात तो अचानक वारला. विष दिल्याचा संशय होता, सिद्ध झालं नाही.

आता हिशोब बघा. परदेशी मिशनरी पकडला गेला तर फार तर काय होतं? बोटीवर बसवून परत पाठवतात. पण त्याचं ऐकून ज्याने धर्म बदलला, त्याला परत जायला बोट नसते. घर जातं, लग्न तुटतं, वारसा जातो, कधी जीव जातो. बऱ्याच मुस्लिमबहुल देशांत आजही इस्लाम सोडणं हा नुसता घरातला वाद नसतो, कायद्याचा प्रश्न असतो. म्हणून आज तिथे काम करणारे शहाणे ख्रिस्ती लोक स्वतःला विचारतात की माझ्या बोलण्याची किंमत कोण भरणार? मी की समोरचा?

दुसरा प्रश्न माझ्या मैत्रिणीने उभा केला. आम्ही शाळेपासून एकत्र. ती पनवेलची, कोकणी मुस्लिम, तिचे काका-मामा निम्मे आखातात. तिला मी हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी वाचून दाखवला. त्या काळी मिशनच्या दवाखान्यांत एक पद्धत सर्रास होती. तपासणीच्या आधी बाकावर बसलेल्या रुग्णांना शुभवर्तमान वाचून दाखवायचे, प्रार्थना करायचे. तिथे ती मला थांबवून म्हणाली, "आजारी माणसासमोर कुणीच आपलं पुस्तक उघडू नये. तुमचं नको, आमचंही नको. तो उठून जाऊ शकत नाही ना."

मला यावर उत्तर सुचलं नाही. मिशनरी म्हणतील की आम्ही जबरदस्ती केली नाही, औषध सगळ्यांना दिलं, ऐको न ऐको. ते बहुतेक खरंही असेल. पण रांगेत बसलेल्या आईच्या कडेवर तापलेलं पोर असताना 'नको' म्हणणं किती सोपं असतं, हे आपण सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहून समजू शकतो. मैत्रिणीचं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

निळ्या काठाच्या साड्या

आता शंभर वर्षं पुढे येऊ. इंग्रज १९६७ मध्ये एडन सोडून गेले. दक्षिण येमेन कम्युनिस्ट झालं. जुनी मिशन्स एकेक करून बंद झाली. येमेनमधला मिशनरींचा अध्याय संपला असं वाटलं. पण दुसऱ्या बाजूला, उत्तर येमेनच्या सरकारने १९७३ मध्ये स्वतःहून कोलकात्याला मदर तेरेसांना बोलावलं. आमच्या गरिबांची, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला सिस्टर्स पाठवा म्हणून. होदेदा या बंदरात पहिलं घर सुरू झालं. पुढे दोन्ही येमेन एक झाले आणि एडनमध्येही एक वृद्धाश्रम चालू झाला.

हा फरक नीट बघा. कीथ-फाल्कनर इंग्रजांच्या झेंड्याखाली आला होता. या सिस्टर्स मुस्लिम सरकारच्या आमंत्रणावरून आल्या. आणि त्यांचं काम काय? म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, चादरी बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून देणं. ज्यांना घरच्यांनी टाकलं, ज्यांना कोणीच नाही, अशी माणसं, जवळपास सगळी मुस्लिम. प्रचार नाही. चॅपल आतमध्ये, स्वतःपुरतं.

सुरक्षित होत्या का? नाही. जुलै १९९८ मध्ये होदेदात तीन सिस्टर्सना गोळ्या घालून मारलं, दोघी भारतीय, एक फिलिपिनो. बाकीच्या थांबल्या.

मग २०१५. येमेनमध्ये युद्ध पेटलं. भारताने 'ऑपरेशन राहत' केलं. आयएनएस सुमित्रा, आयएनएस मुंबई, आयएनएस तर्कश ही जहाजं गेली. ४,६०० च्या वर भारतीयांना आणि ४१ देशांच्या ९०० हून जास्त लोकांना बाहेर काढलं. एडनच्या बंदरातून, गोळीबार चालू असताना लोक जहाजांवर चढले. मुंबई विमानतळावर उतरलेले थकलेले चेहरे तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील, तेव्हा तुमच्यातले काही शाळेत असतील.

एडनच्या सिस्टर्सनाही निघता आलं असतं. त्या थांबल्या. वृद्धाश्रमात ८० च्या आसपास माणसं होती. त्यांना जहाजात कोण नेणार? आणि त्यांना सोडून गेलं तर सकाळी उठून त्यांना पाणी कोण देणार? प्रश्न एवढा साधा होता.

४ मार्च २०१६, शुक्रवार. सकाळचा नाश्ता झाला होता. बंदूकधारी आत शिरले. १६ जणांना मारलं. त्यात चार सिस्टर्स होत्या. दोघी रवांडाच्या, एक केनियाची, आणि एक आपल्या झारखंडची. बाकीचे बारा म्हणजे पहारेकरी, स्वयंपाक आणि साफसफाई करणारे मदतनीस, येमेनी आणि इथिओपियन. त्यांची आठवण कमी निघते, म्हणून मुद्दाम सांगते. धर्म वेगळे होते, मेले मात्र एकाच अंगणात. वरिष्ठ सिस्टर लपून राहिल्यामुळे वाचल्या. म्हाताऱ्यांना हल्लेखोरांनी हात लावला नाही.

तिथे फादर टॉम उझुन्नालिल होते, केरळचे. आधीच्या वर्षी त्यांच्या चर्चवर हल्ला झाला, ते जाळलं गेलं, तेव्हापासून ते सिस्टर्सकडेच राहत होते. त्यांना उचलून नेलं. दीड वर्ष ओलीस. १२ सप्टेंबर २०१७ रोजी ओमानच्या मध्यस्थीने सुटले, म्हणजे एका मुस्लिम देशानेच त्यांना सोडवलं. सुटल्यावर त्यांनी सांगितलं की कैदेत ते रोज मनातल्या मनात मिस्सा म्हणत. भाकर नाही, द्राक्षरस नाही, पुस्तक नाही. आठवेल तसं.

आणि हा वृद्धाश्रम होता कुठे? एडनच्या शेख उस्मान भागात. हो, तेच शेख उस्मान. सायकलवाला प्रोफेसर जिथे तापाने गेला, तेच. गाव आता शहरात मिसळून गेलंय, आपल्याकडे खांदा गाव कॉलनीला चिकटलंय तसं.

आज नियम काय आहेत?

आता माहितीचा भाग, कारण तुमच्यातले बरेच जण आखातात जातात, जाणार आहेत.

सगळे अरब देश सारखे नाहीत. सौदीत चर्चची इमारत नाही, इस्लामखेरीज इतर धर्मांची सार्वजनिक उपासना चालत नाही. संयुक्त अरब अमिरात, बहारीन, कुवेत, ओमान, कतार इथे चर्च आहेत. जमीन बऱ्याचदा तिथल्या राज्यकर्त्यांनीच दिलेली. दुबईचं सेंट मेरीज १९६० च्या दशकातलं. दोह्याचं मोठं कॅथलिक चर्च २००८ चं. बहारीनमध्ये २०२१ मध्ये 'अवर लेडी ऑफ अरेबिया' हे कॅथेड्रल उघडलं. वसईचे, गोव्याचे, केरळचे, फिलिपिन्सचे लोक तिथे गर्दी करतात. अमिरातीत शनिवार-रविवारची सुट्टी २०२२ पासून आली. त्याआधी रविवारची मिस्सा लोक शुक्रवारीच उरकायचे, कारण सुट्टी शुक्रवारी.

या चर्चचे पाळक आणि फादर म्हणजे परदेशी कामगारांची काळजी घेणारे लोक. लग्नं, बाप्तिस्मे, पगार थकलेल्या माणसाला धीर देणं, मेलेल्याचं शव गावी पाठवणं. आवाराच्या भिंतीच्या आत सगळं चालतं. भिंतीबाहेर मुसलमानांमध्ये प्रचार चालत नाही, तो गुन्हा ठरतो.

काही जण वेगळी वाट धरतात. नोकरीच्या व्हिसावर जायचं, शिक्षक म्हणून, इंजिनिअर म्हणून, आणि ओळखीतून हळूहळू विश्वासाबद्दल बोलायचं. बायबलमधला पौल तंबू शिवून पोट भरायचा, म्हणून याला 'तंबूवाल्यांची सेवा' म्हणतात. यावर ख्रिस्ती लोकांमध्येच मतभेद आहेत. काही म्हणतात, प्रामाणिकपणे नोकरी करतोय आणि विचारलं तर सांगतोय, यात खोटं काय? दुसरे म्हणतात, मनात एक आणि फॉर्मवर दुसरं, हे सेवेला शोभत नाही, आणि पकडले गेलो तर इतर सगळ्या ख्रिस्ती कामगारांवर संशय येतो.

आपल्याकडे काय आहे, तेही सांगते, म्हणजे फक्त त्यांच्याकडे बोट दाखवलं असं नको. आपल्या घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे. पण १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. बोलायचं कुठवर आणि थांबायचं कुठे, हा वाद आपल्याही अंगणात आहे.

तर, ताईचं उत्तर

आता नर्सबाई, तुझा दुसरा प्रश्न. तू गेलीस तर तू मिशनरी होतेस का?

मी धर्माची जाणकार नाही. पण हे सगळं वाचून मला जे वाटलं ते सांगते.

कागदावर तू मिशनरी नाहीस. तू पगारी नर्स आहेस आणि तसंच राहा. स्वतःचं बायबल नेण्याआधी त्या देशाचे नियम वकिलातीच्या साइटवर बघून घे, देशागणिक ते बदलतात. वाटायला पुस्तकं नेऊ नकोस. तू ज्याला पुस्तक देशील, त्याचं काय होईल, हे तुझ्या हातात नसणार. कामिलची गोष्ट आठव.

माझ्या मैत्रिणीचं वाक्यही बरोबर ने. रुग्ण उठून जाऊ शकत नाही. त्याच्या खाटेशी तुझी श्रद्धा ओठांवर आणायची गरज नाही. पण तुझे हात कसे चालतात, रात्री तीन वाजता बेल वाजली की तू कशी उठतेस, ज्याच्याकडे कोणी भेटायला येत नाही त्याची चादर तू किती नीट घालतेस, हे कोणताही कायदा बंद करू शकत नाही. एडनच्या सिस्टर्सनी एवढंच केलं. त्यांना कोणी विचारलं असतं की तुम्ही इथे का, तर त्यांनी उत्तर दिलंही असतं. पण लोकांनी विचारावं यासाठी त्या काम करत नव्हत्या. ज्या दिवशी जहाज आलं आणि त्या चढल्या नाहीत, त्या दिवशी त्यांच्यासमोर फक्त ८० म्हातारी माणसं होती.

आणि तुझ्या आईची भीती. ती खोटी नाही. पण एक लक्षात घे, तुला तसं थांबायला कोणी सांगत नाहीये. युद्ध झालं आणि जहाज आलं, तर तू जहाजात बसायचं. त्यात कमीपणा काही नाही. थांबणं हा ज्याने त्याने स्वतः घ्यायचा निर्णय आहे, दुसऱ्याने कुणाला सांगायची गोष्ट नाही. चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलं तर बरं, असं मला वाटतं.

तर मंडळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: बोलायला बंदी असलेल्या देशांत मिशनरी बहुतेक वेळा भाषा शिकतात, दवाखाना चालवतात, आपल्या माणसांची काळजी घेतात आणि वाट बघतात. काहींनी घाई केली, काहींनी चुका केल्या, काही तिथेच पुरले गेले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या श्रोतीने स्वतःच द्यायचंय.

मी तिला एवढंच सुचवलंय की जाण्याआधी एकदा शिरढोणला जाऊन ये. एडनला सक्तीने नेलेला आपला माणूस होता, आणि एडनला आपल्या मर्जीने थांबलेलीही माणसं होती. दोघांच्या वाटा वेगळ्या, देव वेगळे, भांडणंही वेगळी. पण घर सोडताना घरच्यांना काय सांगितलं असेल, हा प्रश्न दोघांपुढेही होताच. तो आता तिच्यापुढे आहे.

तुमच्या घरातलं कोणी आखातात नर्स, कामगार, ड्रायव्हर म्हणून गेलं असेल, तर त्यांना विचारा की सण कसे करता, देवाला हात कुठे जोडता. मुसलमान असाल तर विचारा की परक्या देशात मशिदीत कोण भेटतं. उत्तरं व्हॉइस मेसेजने पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या भागात त्यातली काही ऐकवीन.

आणि हो, स्टेशन आलं असेल तर उतरा आता. भेटू पुढच्या आठवड्यात.